काडी लावली, पानं फुटली आणि वाळली : देशी झुडपं फांदीपासून कशी करायची?

सावकाश

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची ओढ्याकाठी वीसेक गुंठे जमीन आहे. मुरमाड, वरच्या अंगाला तर नुसता खडक. पीक घेण्यासारखी नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून होती. तिथे आता झाडोरा वाढवायचा असं ठरवलंय. बाग नाही, लॉन नाही, पक्ष्यांना खायला, लपायला, घरटं करायला झुडपं, बस. आणि ती इथलीच हवीत.

मागच्या पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने ७० काड्या लावल्या. अडुळसा, निर्गुडी, धायटी, भूतकेस, करवंद, सगळ्या आसपासच्या बांधावरून आणलेल्या. पिशवीत अर्धी माती अर्धं शेणखत. पंधरा-वीस दिवसांत जवळजवळ सगळ्यांना कोंब आले आणि मी घरात ज्याला त्याला फोटो दाखवत सुटले. महिना व्हायच्या आत धायटी गेली, मग करवंद, मग भूतकेस. उपटून पाहिलं तर खाली मुळाचा पत्ता नाही, साल काळी पडलेली आणि बोट लावलं की मोज्यासारखी निघून येतेय. अडुळसा बहुतेक सगळा जगला, निर्गुडी निम्मी.

माझा हातच वाईट म्हणावा तर विहिरीवर पाच वर्षांपासून गुळवेल आहे, एका तुकड्यापासून केलेली, तिचेच तुकडे तोडून अजून चार ठिकाणी लावले ते सगळे माजलेत. मग बाकीच्यांचं काय चुकतंय? कुठली झुडपं काडीने होतात, कुठल्यांच्या नादी लागू नये, आणि ती मुळं फुटायची पावडर खरंच लागते का?

खोडरबर

पानं फुटली म्हणून पार्टी दिली नाहीत ना? मी दिली होती. डाळिंबाच्या काडीची. असो.

बोथट_कात्री

ताई, हात वाईट नाही, शेणखत वाईट.

काडीला मुळं फुटेपर्यंत खत लागतच नाही, ती खाणार कशाने? तोवर तिला फक्त ओल, हवा आणि सावली पाहिजे. शेणखतात, त्यातून अर्धवट कुजलेल्या, ओल धरून राहते, हवा खेळत नाही आणि कापलेल्या तोंडातून बुरशी आत शिरते. साल मोज्यासारखी निघाली म्हणता ना, ती कुजच. जाडसर वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं घ्या, नाहीतर नुसती धुतलेली वाळू घ्या. मुळं फुटली की मग मातीच्या पिशवीत हलवायचं, खत तेव्हा.

दुसरं म्हणजे कोंब आले याचा अर्थ मुळं आली असा नाही. काडीत आधीचं साठवलेलं अन्न असतं, त्यावर डोळे फुटतात, पानं पाणी उडवायला लागतात, खालून पुरवठा शून्य, मग तीन-चार आठवड्यांत शिल्लक संपली की मान टाकतात. आधी खालच्या कापावर पांढरट खरबरीत गाठ धरते आणि त्यानंतर मुळं, गाठीतून किंवा वरच्या सालीतून. म्हणून लावताना पानं जवळजवळ सगळी काढायची, वर एखाद-दुसरं ठेवलं तर तेही अर्धं कापून.

काडी पेन्सिलीएवढी जाड, चार-पाच पेरांची, वीतभर. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप सरळ. तिरका-सरळ असं कापायचं मुख्य कारण म्हणजे वरची बाजू कुठली ते नंतर कळतं. हसू नका, उलट्या लावलेल्या काड्या मी स्वतः उपटलेल्या आहेत.

खोडरबर

कुणाच्या त्या सांगू नका प्लीज.

कुंपणवाला

आमच्याकडे कोकणात गडगा (दगडी बांध) नसेल तिथे कुंपण जिवंतच असतं. पांगारा, शेमट (काही जण मोई म्हणतात) आणि काकड. यांची वीतभर काडी नाही लावायची, पुरुषभर उंचीचा मनगटाएवढा सोट घ्यायचा, एप्रिल-मेमध्ये झाड निष्पर्ण असतं तेव्हा, हातभर खोल पुरायचा आणि वरच्या तोंडाला शेण-मातीचा गोळा थापायचा म्हणजे पाणी आत मुरत नाही. पहिल्या पावसाला कोंब. ना पावडर ना पिशवी. पांगाऱ्याला दोन-तीन वर्षांत फुलं, आणि फुलला की बघायलाच नको, शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, सगळे एकाच झाडावर भांडतात.

झुडपं नाहीत ही, मान्य. पण तुमच्या कुंपणाला आडोसा आधी उभा राहील, त्याच्या सावलीला मग झुडपं लावा. उघड्या मुरमावर कोवळं रोप पहिल्या उन्हाळ्यात भाजून निघतं.

रानवाटसरू

छान धागा. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

मी उलट्या बाजूने विचार करतो. काडीने काय लागतं ते आधी बघायचं नाही, कोण यायला हवं ते आधी बघायचं. भूतकेसावर कमांडर फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी पान दोन्ही बाजूंनी कुरतडते, मधली शीर तेवढी ठेवते आणि शिरेच्या टोकाला स्वतःचीच विष्ठा चिकटवून तिथे बसते, वाळक्या काटकीसारखी. मी एकदा दहा मिनिटं त्या पानाकडे बघत होतो आणि अळी समोर असून दिसत नव्हती. चित्रकावर झेब्रा ब्लू, रुईवर प्लेन टायगर, कडीपत्त्यावर कॉमन मॉर्मन. चित्रक काडीने सहज होतो. कोरांटीही होते, काटेरी पिवळी, तिच्यावर पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या येतात आणि फुलांवर शिंजीर. दोन्ही छोटी झुडपं, खडकाळ जागेला चालणारी. या दोन तुमच्या यादीत नाहीत त्या घाला.

अडुळसा ठेवाच. फुलांवर ते मोठे काळे भुंगे येतात ना, त्यांच्या वजनाने फुलाचा खालचा ओठ वाकतो आणि परागकण पाठीवर लागतात. सकाळी आठ-नऊला बघा.

ढ_विद्यार्थी

माझा एक प्रश्न. अळ्या सगळी पानं खात असतील तर एवढी मेहनत करून झाड कशाला लावायचं?

रानवाटसरू

त्यांनी खावीत म्हणूनच. 🙂 पाहुण्यांना बोलवायचं आणि ताट झाकून ठेवायचं असं कसं चालेल. झाड नीट मुळं धरलेलं असेल तर महिनाभरात परत पानं येतात. नवीन काडीवर मात्र अळी दिसली तर उचलून मोठ्या झाडावर ठेवतो मी. एवढा पक्षपात करतो.

निवांत_घुबड

सगळे एवढं काडी-पावडर-वाळू करताय, मी विचारतो की घाणेरी काय वाईट आहे? आमच्या माळावर आपोआप आलीये, बारा महिने फुलं, फुलपाखरं नुसती झुंबड, बुलबुल फळं खातात, आत सातभाईंचा थवा असतो. काडीच लावायची हौस असेल तर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, तेही परदेशीच) आहे, कशीही खुपसा, लागते. देशी-देशी हा एक फॅशनचा भाग झालाय असं माझं मत. पक्ष्याला पासपोर्ट कळत नाही.

रानवाटसरू

पासपोर्ट कळत नाही पण पोट कळतं ना घुबडराव. घाणेरीवर जी फुलपाखरं दिसतात ती मध प्यायला आलेली असतात. तिच्या पानावर आपल्या फुलपाखरांच्या अळ्या किती पाहिल्यात? हॉटेल आहे ते, घर नव्हे. आणि बुलबुल फळं खातो हाच तर घोटाळा आहे, तो बी पुढच्या टेकडीवर नेऊन टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून भारतात आणलेली ही बाई, आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसलीये आणि तिच्या जाळीखाली दुसरं काही उगवत नाही.

निवांत_घुबड

सातभाई तर आहेत ना पण आत? ते खोटं आहे का? तुम्ही घाणेरी उपटणार, जाळी जाणार, देशी झुडूप वाढायला पाच वर्षं, तोवर सातभाई कुठे जाणार ते सांगा.

कुंपणवाला

यात घुबडांचं बरोबर आहे थोडं. आम्ही एका दमात सगळी घाणेरी काढली होती एका बाजूची, पुढच्या पावसात माती वाहून गेली आणि घाणेरी परत आली, दुप्पट. आता पट्ट्या पट्ट्याने काढतो. एक पट्टी काढायची, तिथे निर्गुडी-अडुळसा दाट लावायचा, ते खांद्याएवढे झाले की पुढची पट्टी. निर्गुडी आणि अडुळसा गुरं-बकऱ्या खात नाहीत हा मोठा फायदा, राखण करावी लागत नाही.

निवांत_घुबड

हे पटलं. बघा, मी एवढा वाईट माणूस नाही.

आजीचा_बटवा

पावडर वगैरे काही लागत नाही. काडीचं खालचं टोक कोरफडीच्या गरात खुपसायचं किंवा मधात बुडवायचं, मुळं फुटतातच. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. दालचिनी पूडही चालते. वाळुंजाच्या फांद्या पाण्यात भिजवून ते पाणी घातलं तर सोन्याहून पिवळं.

बोथट_कात्री

बटवाताई, आदर ठेवून सांगतो, मधाने मुळं फुटत नाहीत. जी काडी मधात बुडवून लागली ती तशीही लागली असती, अडुळशासारख्यांवर प्रयोग केला तर कोणताही उपाय यशस्वी ठरतो. दालचिनीने बुरशीला थोडा अटकाव होत असेल, पण मुळं वेगळी गोष्ट आहे. वाळुंजाच्या पाण्याचं मी पूर्ण खोटं म्हणणार नाही, वाळुंज ही आपली नदीकाठची विलोच आणि विलोच्या सालीत सॅलिसिलिक आम्ल असतं, पण त्या पाण्याने अवघड झाडाला मुळं आणलेली मी तरी पाहिली नाहीत.

पावडर म्हणजे आयबीए, इंडोल ब्युटिरिक ॲसिड. झाडातल्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्याच जातीचं. जून काडीला साधारण २००० ते ३००० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), कोवळीला ५०० ते १०००. जास्त लावली तर जास्त मुळं असं नाही, खालचं टोक करपतं. शुद्ध आयबीए आणून द्रावण करणार असाल तर ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं. आणि डबीत काडी थेट बुडवू नका, लागेल तेवढी पावडर झाकणात काढून घ्या, नाहीतर एका ओल्या काडीने अख्खी डबी वाया जाते.

अडुळसा, निर्गुडी, चित्रक, कोरांटी यांना अजिबात गरज नाही. धायटीला लागेल.

धायटीची आणखी एक खुबी. म्हाताऱ्या फांदीची काडी लागत नाही. आदल्या वर्षी एखादं झुडूप बांधावर खरडून छाटून ठेवायचं, त्याला बुंध्यापासून सरळ जोमदार फुटवे येतात, त्या फुटव्यांची काडी घ्यायची. वयाने नवं लाकूड लवकर मुळं धरतं. तरी दहातल्या तीन-चार लागल्या तरी मी खूश असतो.

आजीचा_बटवा

माझ्या आजीच्या काड्या कधी मेल्या नाहीत एवढंच मला माहीत आहे.

खोडरबर

आजीच्या काड्या घाबरून जगत असतील. (हलके घ्या)

बी_बियाणं

एवढी चर्चा झाली आणि करवंदाबद्दल कुणीच बोललं नाही. सावकाश, करवंदाची काडी विसरा. करवंद बी-पासून. पिकलेलं फळ मिळालं की बी काढा, गर धुवून टाका आणि त्याच आठवड्यात लावा. वाळवून डबीत ठेवलेलं बी पुढच्या जूनमध्ये लावलं तर उगवत नाही, यात बहुतेक जण फसतात. कडीपत्त्याचंही तेच, ताजं बी. वाघाटी, अंजनी, मुरुडशेंग यांच्याही काड्यांच्या मागे लागू नका.

आणि मला मुळात ह्या सगळ्या काडीप्रेमाबद्दलच जरा तक्रार आहे. काडी म्हणजे नवीन झाड नव्हे, त्याच झाडाचा तुकडा. एका निर्गुडीच्या ५० काड्या लावल्या तर माळावर ५० निर्गुड्या नाहीत, एकच निर्गुडी ५० ठिकाणी उभी आहे. एकाच दिवशी फुलणार, एकाच रोगाला बळी पडणार. पांगाऱ्याचं बघा, दोन हजारच्या दशकात पानांवर गाठी आणणारी ती बारीक माशी आली, एखादं झाड तग धरणारं असेलही, पण एकाच झाडाचे सोट सगळ्या कुंपणाला लावले असतील तर निवडीला वावच नाही. शिवाय काडीच्या झाडाला सोटमूळ नसतं, मुरमाड उतारावर बी-पासूनचं झाड कोरडं वर्ष जास्त चांगलं काढतं.

बोथट_कात्री

+१ पण अर्धाच. काडीचं झाड लवकर फुलतं हे का सांगत नाही? मोठ्या झाडाचं वय घेऊनच येते ती. माझ्या निर्गुडीला दुसऱ्या वर्षी तुरे आले. धायटीचं बी म्हणजे धूळ, पावसाचा एक थेंब पडला की वाहून जातं, तिथे काडीच बरी. दहा वेगवेगळ्या झुडपांवरून पाच-पाच काड्या घेतल्या की तुमची पहिली तक्रार मिटली. चिठ्ठी लावायची प्रत्येक गटाला, कुठल्या आईची ते.

बी_बियाणं

ते करतं कोण? सगळे रस्त्याकडेच्या पहिल्या झाडालाच कात्री लावतात.

बाय द वे सावकाश, तुमच्या त्या गुळवेलीला फळं येतात का? लाल, वाटाण्याएवढी, दोन-तीनच्या जुडग्यात.

सावकाश

सगळ्यांचे आभार, वाचून डोकं गरगरतंय. शेणखताचा धडा मिळाला, आणि मी काड्यांची पानंही काढली नव्हती, सगळी हिरवीगार ठेवली होती, छान दिसतात म्हणून. 🙈

गुळवेलीला फळं नाही हो कधी आली. पाच वर्षांत एकही नाही. फुलं येतात बारीक पिवळसर. मला वाटलं विहिरीजवळ पाणी जास्त होतंय म्हणून नुसती माजतेय. का?

बी_बियाणं

पाण्याचा काही दोष नाही. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी, पपईसारखं. तुम्ही एका वेलीचे तुकडे पाच ठिकाणी लावलेत म्हणजे पाचही एकाच लिंगाच्या. नर असतील तर जन्मात फळ नाही, मादी असतील आणि जवळपास नर नसेल तरी नाही.

खोडरबर

म्हणजे विहिरीवर पाच वर्षं बॅचलर्स हॉस्टेल चाललंय. 😂

सावकाश

अरे देवा. पाच वर्षं मी तिला पाणी कमी करत होते!!

ओळखायचं कसं?

बी_बियाणं

फुलावरून. नर फुलं गुच्छात येतात, मादी फूल बहुधा एकेकटं आणि मधे बारीक फुगीर भाग दिसतो तीनेक तुकड्यांचा. बहुतेक पानं झडलेली असताना फुलते, त्यामुळे शोधायला सोपं. मोबाईलवर जवळून फोटो काढून मोठा करून बघा. वाळुंजातही नर-मादी वेगळे, पांढरफळीतही आहे तो प्रकार. पक्ष्यांना फळं हवीत म्हणून काडी लावताय ना, मग काडी फळ धरलेल्या झाडावरूनच घ्या आणि शेजारी एखादी नराची. फळ दिसेना तेव्हा काडी तोडायची घाई करू नका.

ढ_विद्यार्थी

अवांतर प्रश्न. कारवीची काडी लागते का? टेकडीवर खूप आहे आमच्या इथे. दरवर्षी निळी फुलं दिसली तर काय बहार येईल.

बोथट_कात्री

दरवर्षी नाही दिसणार. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, बी धरते आणि मरते. काडी लावून तिचा स्वभाव बदलत नाही. फुलून वाळल्यावर बी भरपूर पडतं, त्या वर्षी बी गोळा करा.

आणि टेकडी कुणाची आहे ते बघा आधी. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही तोडून आणणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, काडीसुद्धा. बांधावर, रस्त्याकडेला, ओळखीच्याच्या शेतात एवढी झुडपं असतात की जंगलात जायची गरज पडत नाही.

रानवाटसरू

देवराईतून तर नकोच. कायदा बाजूला ठेवा, तिथली माणसं काय म्हणतील.

कुंपणवाला

दाब कलमाचं कुणी बोललं नाही. कुसर असेल (रानजाई) किंवा भूतकेस असेल, खालची लांब फांदी वाकवायची, मधे थोडी साल खरवडायची, तो भाग मातीत दाबून वर दगड. बाकी फांदी आईलाच जोडलेली, म्हणून वाळायचा प्रश्न नाही. पावसाळ्यात दाबली की दसरा-दिवाळीपर्यंत मुळं. मग कापून वेगळी. ज्याची काडी रुसते त्याला हा उपाय.

निवडुंग लावणार असाल तर उलटं, तुकडा तोडला की लगेच लावायचा नाही. चार-आठ दिवस सावलीत टाकून ठेवायचा, चीक सुकून तोंडावर खपली धरली पाहिजे. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट.

खोडरबर

एक कबुली द्यायची आहे. मी दर रविवारी काडी उपटून मुळं फुटली का बघतो आणि परत लावतो. सहा आठवडे झाले. हे चुकीचं आहे का?

बोथट_कात्री

तुमचा आयडी बदलून "काडीमोड" करा.

पहिली मुळं केसासारखी असतात हो, उपटली की तुटतात, काडीला पुन्हा शून्यापासून सुरुवात. बघायचंच असेल तर अगदी हलकं वर ओढून बघायचं, धरून ठेवलं तर आलीत. किंवा अर्ध्या कापलेल्या पारदर्शक बाटलीत एक साक्षीदार काडी लावा, वर काळा कागद गुंडाळा, कागद सरकवून बघा पाहिजे तेवढ्या वेळा. बाकीच्यांना सोडा.

निवांत_घुबड

मी पण एक टोचतो. एवढं लावायलाच हवं का? ओढ्याकाठी रिकाम्या जागी चार वाळक्या फांद्या उभ्या रोवा. कोतवाल, बुलबुल, वेडा राघू येऊन बसतील, बसतील तिथे शिटतील, आणि फळं खाणारे असतील ते बी घेऊन येतील. पावसाळ्यात त्याच फांदीखाली बघा काय काय उगवतं ते. बिनखर्ची रोपवाटिका.

रानवाटसरू

हे मात्र खरं, पक्षीथांबे काम करतात, मी केलंय. फक्त बुलबुल तुमची लाडकी घाणेरीही पेरून जातो, दोन पानांवर असतानाच उपटावी लागते. तिचं कोवळं पान चुरगळलं की लगेच वासावरून कळते.

निवांत_घुबड

फिरून फिरून माझ्या घाणेरीवरच का येता राव.

सावकाश

धागा वर काढतेय. आठ महिने झाले, अपडेट देते.

या वेळी ओढ्यातली जाड वाळू धुऊन घेतली. पावसाच्या तोंडावर १०० काड्या, अकरा वेगवेगळ्या झुडपांवरून, प्रत्येक गटाला चिठ्ठी (चिठ्ठीवरची शाई पहिल्याच पावसात गेली, मग पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरलं). अडुळसा, चित्रक, कोरांटी जवळजवळ सगळे. निर्गुडी ३० पैकी २२. धायटी १५ पैकी ४, पावडर लावून, आणि त्या चारही एकाच आईच्या निघाल्या! म्हणजे बाकीच्या दोन झुडपांची एकही नाही लागली, चिठ्ठी नसती तर हे कळलंच नसतं. भूतकेस दाबून केला, दोन झाले. त्यातल्या मोठ्या झुडपाची पानं कुणीतरी शिरेपर्यंत खाल्लीयेत आणि शिरेच्या टोकाला काहीतरी वाळकं लटकतंय. हात लावलेला नाही. रानवाटसरू, फोटो बघा.

आणि गुळवेल. पानं झडली, फुलं आली, फोटो मोठे करून बघितले. गुच्छच गुच्छ. पाचही नर.

रानवाटसरू

कमांडरच!! अळी शिरेच्या टोकाच्या थोडं अलीकडे आहे बघा, तपकिरी, काटे आहेत अंगावर. अभिनंदन, बिऱ्हाड आलं.

बी_बियाणं

एकाच आईच्या चार धायट्या लागल्या हे मोलाचं आहे, पण पुढच्या वर्षी फक्त तिच्याच काड्या घ्यायचा मोह होईल तुम्हाला. तो टाळा, बाकी दोघींचं बी तरी पेरा. धूळ असलं तरी कुंडीत ताटलीखालून पाणी देऊन उगवतं.

कुंपणवाला

सावकाश ताई, माझ्याकडे शेमटावर चढलेली मादी वेल आहे, दरवर्षी लाल होते, बुलबुल आणि तांबट तुटून पडतात. अंगठ्याएवढे जाड चार तुकडे पाठवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून. गुळवेल आहे, आठ-पंधरा दिवस प्रवासात काही होत नाही तिला, टांगून ठेवली तरी हवेत मुळं सोडते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बदल्यात मला तुमच्या त्या धायटीच्या आईच्या पाच काड्या द्या, फुटव्याच्या.

सावकाश

व्यनि केलाय काका. धायटी आजच छाटून ठेवते, फुटवे आले की लगेच.

खोडरबर

स्थळ जमलं म्हणायचं विहिरीवरच्यांचं.

माझं पण अपडेट घ्या. काड्यांचा नाद सोडला, बी_बियाणंताईंचं ऐकून करवंदाचं ताजं बी लावलंय. आज सोळावा दिवस. वर काहीच दिसत नाही. एक बी थोडंसं उकरून

बोथट_कात्री

नको.

बी_बियाणं

नको!!

निवांत_घुबड

उकरून झालेलं असणार त्याचं.

खोडरबर

एकच उकरलं. पांढरं टोक आलं होतं हो बाहेर. परत झाकलंय.